पिवळं वर येतं

विट्याबाहेर, मायणी रोडला,
हॅचरीच्या पत्र्याच्या शेडमागं एक अंधारी खोली.
तिथं एकवीस वर्षं मी अंड्यांना दिवा दाखवते.
डब्याला भोक, आत बल्ब, भोकावर अंडं.
आधी माझी बोटं लाल होतात, आणि मग दिसतो
सातव्या दिवसाचा कोळी,
पाय ताणून बसलेला, मधोमध एक हलता ठिपका.
ज्यात कोळी नाही, ते डाव्या ट्रेला.
ज्यात नुसतं रक्ताचं कडं उरलंय, तेही.
या कामात बोलायचं नसतं. मोजायचं असतं.

शिरवळच्या कॉलेजातून शिकलेली डॉक्टर मृदुला चौगुले
लसी तपासायला येते
आणि चहा होईस्तोवर काहीबाही सांगते.
परवा म्हणाली, मावशी, माणसांनी कोंबडीची अंडी अंतराळात नेली होती.
कशाला?
बघायला, की जिथं कशालाच वजन नाही
तिथं पिल्लू धरतं का.
मी विचारलं, मग वर-खाली कोण करत होतं त्यांना?
ती हसली. मग हसायची थांबली.

पिवळं हलकं असतं, म्हणाली, पांढऱ्यापेक्षा.
अंडं कसंही ठेवा, ते बीज पाठीवर घेऊन वर येतं,
कवचाच्या जवळ.
तिथनं नसा पसरतात, कवचाला भिडतात,
कवचातनं वारा पितात.
पण तिथं वर कुठाय?
पिवळं आपलं मधेच राहतं,
शेवटची एसटी चुकलेल्या पाहुण्यागत.
दोन दिवसांची अंडी नेली होती, त्यातलं एकही जगलं नाही.
नऊ दिवसांची नेली होती, ती जगली.
खाली आणून उबवली तर पिल्लं निघाली,
डोळे, चोच, नखं, सगळं जागच्या जागी.
नऊ दिवसांत नसा पोचलेल्या असतात, मावशी.

पुढं कुणी लाव्ह्याची अंडी नेली. ती तिथंच फुटली.
पिल्लांना पाय होते, पायाखाली काही नव्हतं.
दाणा समोर, चोच उघडी,
आणि पिल्लू स्वतःभोवतीच गरगर.
"हातात धरलं की खायची," मृदुला म्हणाली.
मी कप विसळायला उठले.

आमच्या भागातली पोरं गलाईला जातात, सोनं गाळायला,
लांबलांबच्या गावांना, जिथं कण न् कण तोलून घेतात.
माझा थोरला, सुबराव, सतरा वर्षांचा गेला, कोइमतूरला.
धाकटा शंभा गेला तेव्हा आठ.
चुलत्याच्या दुकानात, पार दिब्रुगडला.
सुबराव अजून येतो रेवणसिद्धाच्या यात्रेला.
चपला काढायच्या आधी कोरड्यास काय केलंय विचारतो,
शेजारच्याशी बांधावरनं भांडतो, आणि मग झोपतो.
शंभा एकदाच आला.
आईशी हिंदीत बोलला.
पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी घेतला,
कुठं टेकायचं ते बघत उभा राहिला.
आई नंतर म्हणाली, पोर वाळलंय.
वाळला नव्हता. चांगला जाडजूड होता.

मृदुलाला मी हे सांगितलं नाही.
म्हणाली असती, मावशी, माणसाचं तसं नसतं.
नसेलही.

काल रात्री लाईट गेली, जनरेटर धरेना.
मशीन उभी.
आत नऊ हजार अंडी, सगळी दुसऱ्या दिवसाची.
दांडा धरून एकेक रॅक मी हातानं कलती केली, डावीकडं.
तासानं उजवीकडं.
तासानं पुन्हा डावीकडं.
आवाज कसला येणार?
पण अंधारात मला ठाऊक होतं,
एकेका कवचात एकेक पिवळं, वाट न विचारता,
वर निघालंय.

पहाटे लाईट आली. दोन्ही खांदे भरून आले होते,
हात उचलत नव्हते.
भिंतीला टेकून बसले तशीच.
बरं वाटलं त्या वजनाचं.